पाणी किती तापलंय? गळ टाकण्याआधी हे बघा

मे महिन्यातली पहाट. गावतळ्याच्या काठावर उभं राहिलं की साडेपाचच्या उजेडात पाण्यावर शेकडो तोंडं दिसतात. गोल, उघडझाप करणारी, पाण्याच्या सायीला चिकटल्यासारखी. पहिल्यांदाच गळ घेऊन आलेल्या माणसाला वाटतं, आज पिशवी भरणार. तो घाईघाईने कणकेचा गोळा लावतो, त्या तोंडांच्या मधोमध टाकतो आणि तासभर तरंग्याकडे बघत बसतो. गोळा विरघळून जातो. तोंडं तिथेच असतात. ओढ काही लागत नाही.

मीही असा बसलोय, एकदा नाही, सलग तीन रविवार. ते मासे श्वास घ्यायला वर आलेले असतात, खाण्याचं त्यांना भानही नसतं. तापलेल्या हिरव्या पाण्यात रात्रभरात प्राणवायू संपत आलेला असतो आणि वरच्या बोटभर थरात जो काही उरलेला असतो, त्यासाठी ही धडपड चाललेली असते. हे कळायला मला एक थर्मामीटर आणि एक वही लागली. नव्याने काठी हातात घेणाऱ्याने रिळावर पैसे घालण्याआधी या दोन गोष्टी घ्याव्यात, असं मी मनापासून सांगतो.

हा लेख देशावरच्या आणि घाटमाथ्याच्या गोड्या पाण्यासाठी आहे: धरणांचा फुगवटा, पाझर तलाव, गावतळी, नद्यांचे डोह. खाडीत आणि समुद्रात गरवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे आधी भरती-ओहोटी बघायची, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) ते बघायचं, तापमान त्यानंतर.

तापमानाने माशात काय बदलतं

आपलं अंग थंडीतही सदतीस अंशांवर राहतं. माशाचं तसं नाही. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. पाणी गार झालं की त्याच्या शरीरातली सगळी कामं मंदावतात: पोहणं, पचन, भूक. आज सकाळी खाल्लेलं जर उद्यापर्यंत पोटातच असेल, तर तो तुमच्या गोळ्यामागे कशाला धावेल? पाणी तापलं की उलट. ढोबळमानाने, पाणी 10 अंशांनी तापलं की शरीराची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे भूकही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच.

कारण पाणी जेवढं गरम, तेवढा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशांना तो साधारण साडेसातवर येतो. देशावर उंचीमुळे आणखी थोडा कमी. गरज वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा कात्रीत उन्हाळ्यातला मासा सापडतो. या दोन टोकांच्या मध्ये जी वेळ येते, जेव्हा अंगात ऊब आहे आणि पाण्यात श्वासही आहे, तीच आपली वेळ. ती वर्षभर घड्याळात सरकत राहते. ‘मासे पहाटेच लागतात’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे.

पहिलं काम: पाणी कोणाचं ते विचारा

महाराष्ट्रातल्या बहुतेक तलाव-धरणांवरचा मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. काठावर जो भेटेल त्याला विचारा, संस्थेच्या माणसाची परवानगी घ्या, पावती असेल तर फाडा. काही जलाशय अभयारण्यात येतात, काही पिण्याच्या पाण्याचे असतात, तिथे गळ घेऊन जाऊच नका. विचारायला गेलात की दुसरा फायदाही होतो. रोज त्याच पाण्यावर जाळी टाकणारा भोई माणूस दोन वाक्यांत जे सांगतो, त्याला तुमच्या चार रविवारांची सर नाही. उजनी धरणाच्या काठावर एका मामांनी माझं सगळं सामान निरखून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “पोरा, पाण्यात हात घालून बघितलास का? गार हाय. उनं वर येऊ दे, मग सोड.” त्या दिवशी साडेअकरापर्यंत मी काठी जमिनीवरच ठेवली होती.

दुसरं काम: पाणी मोजा

हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं, पण माशाला हवेशी घेणं-देणं नाही. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. थंडीची लाट येऊन दोन दिवस झाले तरी मोठ्या धरणाचं पाणी अजून उबदार असू शकतं. आणि लाट ओसरल्यावर तुम्ही स्वेटर काढलात तरी पाणी गारच असतं. म्हणून मोजायचं ते पाणी.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला काचेचा थर्मामीटर चालतो. मत्स्यालयाच्या दुकानात वायरवाला डिजिटलही मिळतो, तो काठावरच्या पाण्याला पुरतो. खोलवरचं मोजायचं तर माझी पद्धत सांगतो, खर्च जवळजवळ नाही.

अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची बाटली घ्या. तळाशी शिसं किंवा दोन दगड बांधा, बुडेल एवढं वजन हवं. तोंडाला रबरी बूच घट्ट बसवा. बाटलीच्या गळ्याला एक जाड दोरी, आणि बुचाला दुसरी बारीक सुतळी. जाड दोरीला दर हाताला एक गाठ मारा, म्हणजे खोली मोजता येईल. बाटली हव्या त्या खोलीवर सोडा, सुतळीला झटका द्या. बूच निघतं, बुडबुडे वर येतात, बाटली तिथल्याच पाण्याने भरते. पाचेक मिनिटं तिथेच राहू द्या, म्हणजे बाटलीही त्या पाण्याइतकी गार होते. मग भराभर वर ओढा, सावलीत धरून थर्मामीटर आत घाला आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचा. काच बाहेर काढून वाचू नका, तेवढ्या वेळात पारा सरकतो.

तीन ठिकाणी मोजा: काठाजवळ घोट्याएवढ्या पाण्यात, परसभर (माणसाच्या उंचीएवढं) खोल, आणि जिथवर तुमचा गळ पोचतो तिथे. पहिल्यांदा मोजाल तेव्हा आश्चर्य वाटेल. एकाच जलाशयात, पन्नास पावलांच्या अंतरात, दोन-तीन अंशांचा फरक सहज निघतो.

तिसरं काम: आकड्याला मासा जोडा

रोहू, कटला आणि मृगळ ही आपली तीन मोठी माणसं उबेची. 25 ते 30 अंशांत त्यांची भूक चांगली. 20 च्या खाली गेलं की ती सुस्तावतात. तिघांच्या जागा मात्र वेगळ्या: कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळे तापमान जुळलं तरी गळ चुकीच्या खोलीवर असेल तर उपयोग नाही. तरंग्यापासून गळापर्यंतचं अंतर बदलत राहा.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मूळचा थंड मुलखातला. हिवाळ्यात बाकीचे तोंड मिटून बसतात तेव्हा हाच आपली लाज राखतो. 15-16 अंशांनाही तो हळूहळू तळ उकरत असतो. नवख्याने डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्या कोणाच्या मागे लागूच नये.

चिलापी (तिलापिया) आफ्रिकेतून आली, भारतात ती पहिल्यांदा 1952 साली आणली गेली. उजनीकाठी भिगवणपासून इंदापूरपर्यंत आज जेवणाच्या ताटात तीच दिसते. तिला ऊन आवडतं, थंडी अजिबात सोसत नाही. पाणी 16-17 अंशांवर उतरलं की ती खाणं सोडते. उन्हाळ्यात शिकण्यासाठी मात्र तिच्यासारखी गुरू नाही, कारण ती काठाजवळ असते आणि लहान गोळीही घेते.

मरळ निराळाच. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायचीही सोय आहे, त्यामुळे प्राणवायू संपलेल्या कोमट, शेवाळलेल्या पाण्यातही तो मजेत असतो. चैत्र-वैशाखाच्या दुपारी, बाकी सगळं पाणी मेल्यासारखं पडलेलं असताना, वनस्पतीच्या कडेला ‘भक्’ असा आवाज होतो आणि एक वर्तुळ पसरतं. तो मरळ हवा घेऊन गेला. ती जागा लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो परत तिथेच कुठेतरी वर येईल.

चौथं काम: ऋतूप्रमाणे वेळ ठरवा

*हिवाळा.* नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. कुडकुडत पहाटे पाचला जातात, नऊला कंटाळून घरी येतात, आणि मासे साडेअकराला जेवायला बसतात. जानेवारीतल्या एका रविवारची माझ्या वहीतली नोंद तशीच उतरवतो:

“सकाळी 7. हवा 11. पाणी वर 20.5, परसभर खाली 21. तरंगा जागचा हलला नाही. दुपारी 2. त्याच धरणाचा फुगवटा, कातळाचा उथळ काठ, पाणी 24. साडेचारपर्यंत सायप्रिनस दोन, लहान रोहू एक.”

सकाळी वरचं पाणी खालच्यापेक्षा गार होतं हे बघा, रात्रभर हवेने ते निववलेलं असतं. आणि दुपारचा तो कातळ. काळा खडक ऊन पितो आणि भोवतीचं उथळ पाणी तापवतो. हिवाळ्यात अशी जागा शोधायची. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेला उंच डोंगर असेल तर त्याच्या पायथ्याचं पाणी दिवसभर सावलीत राहतं, तिकडे जाऊ नका. उत्तरेकडचा काठ, ज्याच्या तोंडावर ऊन पडतं, तो निवडा. दुपारी वारा असेल तर तो ज्या काठावर आदळतो तिथे वरचं तापलेलं पाणी गोळा होतं, सोबत पाण्यावरचे किडे आणि कचराही. मासे तिकडेच सरकतात. लाटा तोंडावर येतात म्हणून लोक पाठ फिरवून दुसऱ्या काठाला बसतात, तुम्ही मात्र वाऱ्याकडे तोंड करून बसा.

गार पाण्यात आमिष छोटं ठेवा. वाटाण्याएवढी कणकेची गोळी, त्यात भाजलेलं बेसन किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची चिमूट, किंवा दानव्याचा (गांडुळाचा) अर्धा तुकडा. चाराही मूठभरच टाका, माशाचं पोट लवकर भरतं. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बारीक लावा. आणि ओढ उन्हाळ्यासारखी येत नाही: तरंगा बुडत नाही, नुसता शहारतो, किंवा चार बोटं बाजूला सरकतो. तेवढ्यावरच काठी उचलायची.

*उन्हाळा.* इथे आधी पाण्याचा रंग बघा, मग वेळ ठरवा.

पाणी नितळ असेल, घाटमाथ्याच्या धरणांसारखं, तर पहाट आणि संध्याकाळ हे नेहमीचं उत्तर बरोबर आहे. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत मासा काठाशी असतो, मग खोल जातो. पण फार खोल नाही. खोल धरणात एप्रिल-मेमध्ये पाण्याचे थर पडतात. पोहताना पाय खाली सोडले की अचानक गार पाणी घोट्यांना लागतं, तोच तो थर. वरचं पाणी हलकं आणि गरम, खालचं जड आणि गार, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खाली गारवा असला तरी वारा आणि उजेड पोचत नसल्याने प्राणवायू कमी होत जातो. म्हणून मासा या सीमेच्या जरा वर रेंगाळतो. बाटली एकेक हात खाली सोडत जा, ज्या गाठीला आकडा एकदम दोन-तीन अंशांनी घसरतो, ती सीमा. गळ तिच्या हातभर वर ठेवा. तळाला ठेवलेला गळ या दिवसांत दिवसभर तसाच राहतो.

पाणी हिरवं असेल, सांडपाणी मिसळून शेवाळाने दाटलेलं, तर पहाट सोडून द्या. दिवसा शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं. सूर्योदयाच्या आधी हिशोब सर्वांत तोट्यात असतो. सुरुवातीला सांगितलेली तोंडं त्या वेळची. अशा पाण्यावर ऊन अंगावर आल्यानंतर दोन तासांनी बसा, साडेआठ ते अकरा. दुपार वगळा, तुम्हालाही सोसणार नाही. मग पाचनंतर पुन्हा, अंधार पडेपर्यंत. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, हे सर्वांना माहीत आहे. तिथल्या फुगवट्यावर मे महिन्यात पहाटे चारला निघून पोचणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, दोन तास जास्त झोपा.

वळीव पडला तर? नितळ पाण्यावर चार दिवसांच्या उकाड्यानंतर आलेली सर चांगली: पाणी जरा निवतं, काठावरचे किडे वाहून येतात, नंतरचा तास-दीड तास चुकवू नका (विजा थांबल्यावरच, कार्बनची काठी वीज ओढून घेते). हिरव्या, साचलेल्या तळ्यात मात्र मोठा वळीव धोक्याचा. वरून पडलेलं गार पाणी खाली उतरतं, तळाचं कुजकं पाणी वर येतं आणि कधी कधी सकाळी तळ्यावर मेलेल्या माशांचा थर दिसतो. ढगाळ दिवस लागून आले तरी तेच, उजेड नाही म्हणजे शेवाळ प्राणवायू करत नाही. असे मासे उचलून घरी नेऊ नका. संस्थेला कळवा.

*पावसाळा.* पाणी पंचविशीत येतं, गढूळ होतं, वाहतं होतं. रोहू-कटल्याला पिलावळीसाठी हेच हवं असतं: ऊब आणि पुराची ओढ, दोन्ही एकदम. साचलेल्या तळ्यात ते आपणहून वीण घालत नाहीत. ओडिशात 10 जुलै 1957 रोजी पियुषिका या मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवण्यात यश आलं, म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. आज आपल्या तलावांत सोडलं जाणारं बोटुकलीचं (बोटाएवढ्या पिल्लांचं) बीज त्याच वाटेने आलेलं आहे.

कोकणात पहिल्या पावसाच्या चढणीच्या माशांची, वलगणीची चव सगळ्यांनाच प्रिय. पण ते मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यातून, शेतातून वर चढत असतात. एक मादी उचलली तर हजारो अंडी गेली. माझी विनंती आहे, जून-जुलैत गळाला पोट फुगलेली मादी लागली तर अलगद सोडून द्या. याच दिवसांत तळ्याच्या कडेला तांबूस पिल्लांचा गोळा वर-खाली होताना दिसतो. त्याखाली मरळाची जोडी राखण करत असते आणि त्या वेळी ती समोर येईल त्यावर तुटून पडते, म्हणून गळालाही पटकन लागते. तिला मारलं की दिवसभरात पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

बाकी वेळ म्हणाल तर पावसाच्या उघडिपीत, नव्याने बुडालेल्या गवताच्या कडेला, गांडूळ लावून. धरणाच्या खालच्या अंगाला नदीत बसू नका. भोंगा ऐकू आला नाही तरी पाणी सोडलं जातं.

*दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत.* पाणी निवळलेलं, 26-28 अंश, प्राणवायू भरपूर, मासे पावसाळाभर चरून ताकदीचे. सकाळी सात ते दहा आणि चार ते सहा. पहिल्यांदा जायचं असेल तर याच दिवसांत जा.

वही

प्रत्येक खेपेला सात गोष्टी लिहा: तारीख, वेळ, हवा, वरचं पाणी, खोलचं पाणी, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग. पुढे काय लागलं ते. काही लागलं नाही तर तेही, त्या ओळी जास्त शिकवतात. एक वर्ष झालं की तुमच्या तलावाचं स्वतःचं पंचांग तयार होतं आणि ते दुसऱ्या तलावाला लागू पडत नाही.

गळ न टाकता नजर तयार करायची असेल तर महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडला जा. तिथले मासे देवीचे मानतात, कोणी मारत नाही. कुरमुरे टाकायचे आणि मनात आकडे मोजायचे: सकाळी किती मोजेपर्यंत वर येतात, उन्हं चढल्यावर किती. थर्मामीटर सोबत असू द्या.

लागलेला मासा

ठेवणार असाल तर लगेच बर्फात घाला, उन्हाळ्यात तासाभरातही मासा नरम पडतो. बर्फ नसेल तर ओलं पोतं आणि सावली, आणि सरळ घर गाठा.

सोडणार असाल तर उन्हाळ्यात जास्त जपा. कोमट पाण्यात झुंजून तो आधीच दमलेला असतो आणि दम भरून काढायला प्राणवायू कमी. फार वेळ खेळवू नका. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो काढायचाच तर तुम्ही श्वास रोखून धरा, तुम्हाला गुदमरल्यासारखं झालं की मासा पाण्यात. तिथे त्याला पोटाखालून अलगद आधार द्या, तोंड पाण्याच्या ओढीकडे करा आणि थांबा. कल्ले आधी भराभर हलतात, मग संथ होतात. हाताला शेपटीचा फटका बसला की हात काढून घ्या.